परभणीच्या उन्हात हलकी पँट

गेली नऊ वर्षं मी लोकांना सांगत आलो आहे की डोंगरात जाताना कोणती पँट घालावी. भटकंतीवर एक मासिक निघतं, त्यात माझं सदर असतं. बूट, पाठपिशव्या, रेनकोट यांच्यावरही लिहितो, पण वाचकांचे फोन येतात ते पँटबद्दलच. गुडघ्यावर फाटते का, घामाने चिकटते का, तीच ऑफिसला घातली तर चालेल का.

या मार्चमध्ये एका नव्या कंपनीने माझ्याकडे तीन पँट पाठवल्या. घडी करून मुठीत मावतील इतक्या हलक्या. धावपळीलाही चालतील आणि रोजच्या वापरालाही, असं त्यांचं म्हणणं होतं. त्या घेऊन मी परभणी जिल्ह्यात दहाएक दिवस राहून आलो. कंपनीला हवं होतं ते परीक्षण मी दिलेलं नाही, देणारही नाही. तिथे काय झालं ते मात्र लिहायला हवं. सदराच्या वाचकांना तेवढं ऐकायचा हक्क आहे.

परभणी

परीक्षण करणारे सगळे सह्याद्रीत जातात. मला कोरडं ऊन हवं होतं, काळी माती हवी होती आणि दिवसभर उठबस करणारी माणसं हवी होती. शिवाय तिथे आनंद होता.

आनंद मानवतजवळच्या एका खेड्यातला. परभणीच्या कृषी विद्यापीठातून पदवी घेतलेला, नोकरीच्या मागे काही वर्षं घालवून शेवटी कापूस आणि तूर करायला लागलेला. पाच वर्षांपूर्वी तो सायकलने पुण्याला आला होता, तेव्हा एका सायकल मेळाव्यात त्याचं मागचं चाक फुटलं आणि माझ्याकडची जादा ट्यूब मी त्याला दिली. एवढीच ओळख. पण त्याने ती सोडली नाही. दर अंकानंतर त्याचा फोन यायचा. तो मला दादा म्हणायचा आणि तुमी म्हणायचा, मी त्याला तू. वयात आठ वर्षांचं अंतर, त्यामुळे त्यात काही वेगळं आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

सकाळी स्टेशनवर तो मोटारसायकल घेऊन उभा होता. "आधी सुशीला खाऊ, मंग बाकीचं," तो म्हणाला. चुरमुरे भिजवून कांदा, मिरची, शेंगदाणे घालून परतलेला हा प्रकार आमच्याकडे मिळत नाही. वर लिंबू पिळून दोन प्लेट खाल्ल्या आणि गाडीवर बसलो. दहा वाजता ऊन असं होतं की सीटला हात लावला तर काढून घ्यावा लागे. पुण्यात आम्ही उन्हावर बोलत राहतो. इथे कुणी बोलत नाही, उन्हाच्या हिशोबाने दिवस लावून घेतात. दुपारी बारा ते चार बाजार जागच्या जागी मंदावतो आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही.

मी तीनपैकी राखाडी पँट घातली होती. कापडपेठेत आनंदच्या ओळखीचे एक शिलाईवाले होते, साठीचे, गळ्यात टेप. त्यांनी न विचारता माझ्या मांडीवरचं कापड चिमटीत धरलं, ओढलं, सोडलं.

"ह्याला इस्त्री चालती का?"

"नाही चालत. गरजही पडत नाही."

"म्हंजे गरम झाल्यावर ह्याचं काय खरं न्हाई," ते म्हणाले आणि आपल्या मशिनीकडे वळले.

मी हसलो. माझ्या वहीत त्या दिवशीची नोंद आहे, 'इस्त्रीची कटकट नाही.' त्यांनी एका वाक्यात जे सांगितलं होतं ते मला माहीतच होतं, म्हणून मी ऐकलं नाही.

मानवतच्या अलीकडे

आनंदचं घर गावाच्या कडेला, विहाराच्या मागे. दोन खोल्या, पुढे पत्र्याची ओसरी, ओसरीत बाज. त्याची बायको सुमन अंगणवाडी सेविका आहे. मी गेलो तेव्हा ती नुकतीच अंगणवाडीतून आली होती, हातात अजून रजिस्टर धरलेलं. "जय भीम" म्हणाली, पाणी दिलं, आणि माझ्याकडे नीट बघून विचारलं, "तुमी पँट घालून बघायला आलाव म्हने?"

"हो वहिनी."

"आन मंग सांगता लोकायला."

"हो."

"चांगलं काम हाय," ती म्हणाली. चेष्टा केली की नाही ते मला कळलं नाही. अजूनही कळलेलं नाही.

पहिले दोन दिवस मी आनंदबरोबर शेतात गेलो. कापसाची वेचणी संपली होती. झाडं उपटून बांधावर ढीग लावणं चाललं होतं. वाळलेल्या कापसाच्या झाडांना इथे पऱ्हाट्या म्हणतात. त्या शेतात राहिल्या तर बोंडअळी पुढच्या हंगामापर्यंत टिकते, म्हणून पाडव्याच्या आत उपटून चुलीपुरत्या ठेवायच्या आणि उरलेल्या जाळायच्या. मी उकिडवा बसलो, वाकलो, बांध चढलो, ढेकळांवर मांडी घालून भाकरी खाल्ली. पँट खरंच उत्तम होती. गुडघ्याशी ओढत नव्हती, खिशातला फोन बसताना बाहेर येत नव्हता, गोखरूचे काटे झटकले की पडत होते. काळ्या मातीचा डाग नुसत्या पाण्याने गेला. सुमनने ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती. चटणीचं तेल मांडीवर सांडलं, तेवढं मात्र गेलं नाही.

तिसरी पँट माझ्या मापाची नव्हती. कंपनीने चुकून कमरेला दोन इंच मोठी पाठवली होती. आनंदला ती बरोबर बसली. तो ती घालून ओसरीत चार पावलं चालला, खाली बसला, उठला आणि म्हणाला, "दादा, आंगावर काय हाय का न्हाई तेच कळना."

"तुझीच आता," मी म्हणालो.

त्याला ती हवी होती हे त्याच्या तोंडावरून दिसत होतं. घ्यायला लाजत होता तेही. मी आग्रह केला. खरं सांगायचं तर त्याच क्षणी माझ्या डोळ्यांपुढे एक फोटो आला होता. गडावर हात पसरून उभ्या राहिलेल्या पोरांचे फोटो आम्ही वर्षानुवर्षं छापतो आहोत. इथे कामकरी शेतकरी, काळी जमीन, अंगात खरा घाम. संपादक खूश होतील, कंपनीही.

कमरेशी आतून शिवलेली पट्टी त्याला टोचत होती. मी माझ्या चाकूने टाके उसवून ती काढून दिली. त्या पट्टीवर धुण्याच्या सूचना असतात आणि शेवटी ज्वाळेचं एक चित्र असतं, त्यावर फुली. ती पट्टी मी चुलीजवळच्या कचऱ्यात टाकली.

येलदरी

पँट पाण्यात कशी वागते ते बघायचं होतं म्हणून दोन दिवस येलदरीला गेलो. आनंदला पऱ्हाट्या उपटायच्या होत्या, त्यामुळे एकटाच. जिंतूरहून दुसरी बस धरली आणि धरणाजवळ उतरलो. मार्चमध्ये पूर्णा नदीचं पाणी मागे सरकलेलं असतं आणि कडेला चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडतो. वरून तो वाळलेला, भेगाळलेला दिसतो. मी त्यावर पाय ठेवला आणि कमरेपर्यंत आत गेलो.

मला बाहेर काढलं एका मासेमार नवरा-बायकोने. नवरा बोलत नव्हता. बायको, गिरजाबाई, माझ्या काखेत हात घालून ओढता ओढता विचारत होत्या, "काय करायलाव इकडं?" परभणीकडे हा प्रश्न विचारला की लोक उत्तरासाठी थांबतात. आमच्याकडे 'काय म्हणताय' म्हणतात आणि पुढे जातात. मी चिखलात उभा राहून सगळं सांगितलं, पँट, परीक्षण, मासिक.

"मंग आमच्या पान्यात पडून झालं का तुमचं काम?"

"थोडं राहिलंय. वाळायला किती वेळ लागतो ते बघायचंय."

त्यांनी मला खडकावर बसवलं आणि स्वतः जाळं निवडायला बसल्या. मी पाण्यात उतरून कपड्यांसकट चिखल धुतला, परत येऊन घड्याळ लावलं. पँट वाळली तेव्हा माझा शर्ट अजून पिळून पाणी निघेल असा ओला होता. गिरजाबाईंनी येऊन पाचही बोटांनी कापड चाचपलं. "नामी हाय," त्या म्हणाल्या. मग त्यांच्या घरी माशाचा रस्सा आणि भाकरी खाल्ली. तिखटाने डोळ्यांत पाणी आलं. नवऱ्याने पहिल्यांदाच तोंड उघडलं आणि म्हणाला, "कांदा खावा."

त्या दोन दिवसांत मी वहीत सहा पानं लिहिली. सगळी कौतुकाची. येलदरीहून निघालो तेव्हा माझं परीक्षण जवळजवळ तयार होतं. फक्त फोटो राहिला होता.

जाळ

मानवतला परतलो त्याच्या दुसऱ्या दिवशी आनंद पऱ्हाट्या पेटवणार होता. सकाळी तो जुनी सुती पँट घालून निघाला.

"आज ती नवी घाल ना," मी म्हणालो. "फोटो काढू."

"जाळाकडं काम हाय दादा. घान हुईल."

"धुतली की स्वच्छ होते. बघितलंस ना तू."

तो आत जाऊन बदलून आला.

ऊन कलल्यावर, वारा पडला तेव्हा, त्याने बांधावरचा पहिला ढीग पेटवला. सुमन शेताच्या दुसऱ्या टोकाला चुलीसाठी पऱ्हाट्या मोडून भारे बांधत होती. वाळलेल्या पऱ्हाट्या तडतड वाजत पेटतात आणि लवकर बसतात. आनंद लांब काठीने कडेच्या काटक्या आत ढकलत होता. मी कॅमेरा लावला. जाळ एका बाजूला, आनंद दुसऱ्या बाजूला, दोन्ही एका चौकटीत येत नव्हते.

"आनंद, जरा जाळाजवळ ये."

तो एक पाऊल आला.

"अजून थोडा. जाळ मागे दिसला पाहिजे."

तो आला. काठी खांद्यावर घेतली आणि माझ्याकडे बघून हसला. मी चार फोटो काढले. पाचव्या वेळी मागचा ढीग आतून बसला आणि विस्तवाचा एक लोंढा घरंगळत त्याच्या उजव्या पायावर आला.

सुती कापड पेटलं असतं तर जाळ दिसला असता, त्याने थोपटून विझवला असता. या कापडाला जाळ लागला नाही. ते आखडलं, काळं चकचकीत झालं आणि नडगीला चिकटलं. आनंदने पाय झटकला, मग खाली बसून दोन्ही हातांनी कापड ओढायला लागला.

"ओढू नकोस," मी ओरडलो. मला तेही माहीत होतं. पण त्याने ओढलं, आणि कापडाबरोबर कातडी आली.

सुमन पाण्याचा कॅन घेऊन धावत आली.  त्याच्या पायावर पाणी ओतत राहिली, कॅन संपला तसा पाण्याच्या मोटारीजवळच्या टाकीतून भरून आणला, परत ओतला. मी कॅमेरा गळ्यात अडकवून उभा होतो. तिने एकदाच वर बघितलं आणि म्हणाली, "गाडी बघा कुनाची." तेव्हा मी धावलो.

मानवतला दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी चिमट्याने कापडाचे कडक झालेले तुकडे एकेक सुटे केले. आनंद खाटेची कड धरून छताकडे बघत होता.

"कापड कशाचं आहे हे?" त्यांनी विचारलं.

"नायलॉन," मी म्हणालो. "त्यात थोडं ताणलं जाणारं सूत मिसळलेलं."

"मग हे घालून जाळाजवळ कशाला गेलात?" हे त्या आनंदला विचारत होत्या.

"मला काय म्हाईत मॅडम. कापड लय भारी हाय, मला वाटलं त्याला काय हुत न्हाई."

मग त्या माझ्याकडे वळल्या. "तुम्हाला माहीत होतं का?"

"इतकं वितळतं याची कल्पना नव्हती," मी म्हणालो.

वाक्य अगदी सहज आलं. नऊ वर्षं लिहून शब्द हाताशी राहतात, आणि खोटंही नीट जुळून येतं. सुमन दाराशी उभी होती. तिने ते ऐकलं.

ओसरी

जखम खोल होती, पण पाय वाचेल, चालता येईल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. रोज पट्टी बदलायची होती. त्या संध्याकाळी ओसरीत शेजारीपाजारी जमले. आनंद बाजेवर पडून प्रत्येकाला सांगत होता, "माझीच चूक झाली. मीच जवळ गेलो. दादा हुते म्हनून लगेच गाडी भेटली." कुणीतरी माझ्याकडे बघून मान हलवली, कौतुकाने. मी खाली बघत चहा पीत राहिलो. दुसऱ्या दिवशी परत निघायचं तिकीट होतं, आणि खरं सांगतो, मला त्या तिकिटाचा आधार वाटत होता.

सकाळी सुमन अंगणवाडीत गेली. दुपारी आली ती सरळ माझ्यासमोर येऊन पायरीवर बसली. आत आनंद झोपला होता. तिच्या हातात फोन होता.

"भाऊजी, हे तुमीच लिवलंय ना?"

मासिकाच्या वेबसाइटवरचा माझा जुना लेख होता. आनंदने तो कधीतरी तिला पाठवला होता, माझं कौतुक म्हणून. तिने शेवटचा परिच्छेद मोठ्याने वाचला. अंगणवाडीत मुलांना वाचून दाखवतात तसा, सावकाश, एकेक शब्द सुटा. 'कापड कृत्रिम आहे. विस्तवाजवळ ते वितळते आणि कातडीला चिकटते. शेकोटीपाशी बसताना ही पँट कटाक्षाने बदला.'

"हो. मीच लिहिलंय."

"तीन वर्साखाली."

"हो."

"पुन्याच्या लोकायला सांगितलं," ती म्हणाली. "आमच्या मानसाला न्हाई सांगितलं."

तिचा आवाज चढला नाही. तसं झालं असतं तर मला सोपं गेलं असतं. 

"त्यायला तुमी सांगा," ती म्हणाली. "मी सांगनार न्हाई. मी सांगितलं तर ते माझ्यावरच चिडतील. तुमच्यावर लय भरवसा हाय त्यांचा."

मी गेलो नाही त्या दिवशी. तिकीट तसंच राहिलं. आनंद उठला, सुमनने त्याला दूध-भाकरी दिली, ती बाहेर गेली. मी बाजेच्या कडेला बसलो आणि सांगितलं. पँटच्या कमरेची पट्टी काढली ते, तिच्यावर काय होतं ते, दवाखान्यात खोटं बोललो ते.

त्याने पायाच्या पट्टीकडे बघितलं.

"जाळाजवळ ये म्हनलाव, तवा म्हाईत हुतं?"

"हो."

"आन तरी म्हनलाव."

"हो."

"कामून?"

"फोटोसाठी."

मी वाट बघत होतो. शिवी दिली असती तर मी ती घेतली असती. त्याने पाय उचलून हळूच सरकवला, कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड केलं.

"तुमी जेवून घ्या," तो म्हणाला. "उशीर झाला."

विहार

सुमनने मला आणखी एक काम सांगितलं. दर आठवड्याला दुपारी विहारात बायका जमायच्या, पोषण आहार, लसी असल्या गोष्टींसाठी. "तिथं सांगा," ती म्हणाली. "गावात सगळे आठवडी बाजारातल्या ट्रॅक पँट घालायलेत. त्याच घालून पऱ्हाट्या जाळतेत. आनंदरावाचं झालं ते दुसऱ्या कुनाचं नको."

मला तिथे जायचं नव्हतं. दोन दिवस गावात फिरताना मला प्रत्येक माणूस माझ्याकडेच बघतोय असं वाटत होतं. कदाचित बघतही होता. पण नाही म्हणायला मला जागाच राहिली नव्हती.

विहारात चटयांवर तीसेक बायका बसल्या होत्या, मागे भिंतीला टेकून काही पुरुष. सुमनने घरोघरून कापडाच्या चिंध्या गोळा करून आणल्या होत्या. मी एकेक दोरा चिमट्यात धरून पणतीवर धरला. सुती दोरा पेटला, राख झाली, राख बोटांनी चुरगळली. बाजारातल्या पँटचा दोरा आखडला, त्याच्या टोकाला काळा टणक मणी झाला. मी तो मणी सगळ्यांच्या हातावर फिरवला. "हा असा अंगाला चिकटतो," मी म्हणालो. "ओढायचा नाही. भरपूर पाणी ओतायचं आणि दवाखान्यात जायचं. जाळाचं काम असेल तेव्हा जुनं सुती घाला." मग आनंदच्या पँटचा जळका पाय दाखवला आणि जे त्याला सांगितलं होतं ते सगळ्यांना सांगितलं. मला हे माहीत होतं. मी सांगितलं नाही. उलट त्याला जाळाजवळ बोलावलं.

 मग पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं. त्यांना मी ओळखत नव्हतो. आवाजात राग नव्हता, नुसती चौकशी होती.

"आन त्या दिवशी तुमच्या आंगात कुनती पँट हुती?"

मी वर त्या दिवसाचं लिहिलं आहे, त्यात हे गाळलं आहे. लिहिताना माझ्या ध्यानात आलं होतं आणि तरी गाळलं. त्या सकाळी, जाळाकडे जायचं म्हणून, मी कंपनीची पँट काढून ठेवली होती आणि माझी जुनी जीनची घातली होती. विचार करून नाही. इतक्या वर्षांच्या सवयीने. हात आपोआप बॅगेतल्या सुती कपड्याकडे गेला. पाच मिनिटांनी मी ओसरीत येऊन आनंदला नवी पँट घालायला सांगितली.

"सुती," मी म्हणालो.

बाईंनी मान हलवली, जणू त्यांना तेवढंच विचारायचं होतं. मागच्या भिंतीशी बसलेला एक माणूस उठून बाहेर गेला. त्याच्यामागून आणखी दोघे. सुमनने चिंध्या गोळा करून पिशवीत भरल्या आणि पुढच्या महिन्याच्या लसींचं बोलायला सुरुवात केली. मी कोपऱ्यात बसून राहिलो, कारण उठून जायचं तर सगळ्यांच्या मधून जावं लागणार होतं.

परत

ती गोष्ट संध्याकाळपर्यंत आनंदच्या कानावर गेली.  मी रोज त्याला पट्टी बदलायला मानवतला न्यायचो ते त्या दिवसापासून त्याचा चुलतभाऊ न्यायला लागला. जेवायला ताट मात्र माझं रोज सगळ्यांच्या आधी वाढलं जायचं. चटणी संपली की सुमन विचारायची. इतका पाहुणचार मला कधी जड गेला नव्हता.

आणखी दोन दिवस राहून मी निघालो. सुमन एस्टीच्या थांब्यापर्यंत आली. त्याआधी ओसरीत आनंदला निरोप द्यायला गेलो तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"झोपलेत," ती म्हणाली.

झोपलेला माणूस श्वास कसा घेतो ते मला माहीत आहे. मी बाजेजवळ थोडा वेळ उभा राहिलो आणि बाहेर आलो.

पुण्यात आल्यावर कंपनीला उरलेल्या दोन पँट परत पाठवल्या, सोबत पत्र लिहिलं की पट्टीवरची सूचना मोठी करा, मराठीत करा, आणि शेतात काम करणाऱ्यांसाठी म्हणून या विकू नका. त्यांचं उत्तर आलं, आभाराचं. फोटो चांगले आले होते. शेवटचा तर फारच. आनंद हसतो आहे, मागे जाळ आहे, पँटची शिवण न शिवण दिसते. मी ते कुणाला दाखवले नाहीत आणि पुसूनही टाकले नाहीत.

महिन्याभराने फोन केला. आनंदच्या नंबरावर केला, पण उचलला सुमनने. जखम भरली, ती म्हणाली. उकिडवं बसलं की कातडं ओढतंय, म्हणून खुरपायला बसता येत न्हाई फार वेळ. तूर विकली. उन्हाळा लय हाय यंदा. मी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आनंदला देता का फोन?"

तिने फोन कानापासून दूर केला असावा, पण झाकला नाही. मागे भांड्याचा आवाज आला, आणि मग त्याचा आवाज, जवळूनच, अगदी स्पष्ट.

"सांग, शेतात हाय."

"शेतात हायत," ती मला म्हणाली.

"बरं," मी म्हणालो.